तोट्यातला फार्मा शेअर: धरून ठेवावा का?

कोथरूडकर:
बाबांच्या डिमॅटमध्ये एका मध्यम औषध कंपनीचे शेअर आहेत. सरासरी ६४० ला घेतलेले, आज २१० च्या आसपास. यूएसएफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) इम्पोर्ट अलर्ट लावला आणि अमेरिकेची विक्री ठप्प. बाबा म्हणतात, "भाव परत येणार, लोक औषधं घ्यायचे थांबणारेत का?" दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जीव टांगणीला लागलाय. काय करावं?

हडपसरचा क्वालिटीवाला:
औषध कारखान्यात क्वालिटीत काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. फॉर्म ४८३ म्हणजे यूएसएफडीएच्या तपासनिसांनी कारखान्यात नोंदवलेली निरीक्षणं. वॉर्निंग लेटर त्याहून गंभीर. इम्पोर्ट अलर्ट लागला की माल बंदरावरच, प्रत्यक्ष न तपासताही अडवता येतो. तो उठायला कधी कधी वर्षं जातात. त्यात बॅच रेकॉर्डमध्ये (प्रत्येक घाण्याच्या उत्पादन-नोंदीत) फेरफाराचा ठपका असेल तर नवी यंत्रं आणून भागत नाही, माणसांच्या सवयी बदलाव्या लागतात. कॉनकॉलची (निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्याची) नोंद वाचा: उत्पादन दुसऱ्या प्लांटला हलवलंय का, की उत्तर टाळतायत? प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत तेही बघा. बाबा ६४० वर अडकलेत, पण बाजाराला आपला खरेदीभाव माहीत नसतो हो.

सदाशिव पेठ:
वर्षापेक्षा जास्त धरलेत ना? मग कर मोजताना तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होईल. उरलेला ८ वर्षं पुढे नेता येतो, पण प्राप्तिकराचं रिटर्न मुदतीतच भरा.

कोथरूडकर:
मनापासून आभार. ऑपरेशनपुरते आत्ताच विकूया, असं बाबांना आज रात्री सांगतो. उरलेल्यांचं कॉनकॉल वाचून ठरवू.