१२ दिवसांच्या बाळाचा मेंदूचा एमआरआय नागपुरात कुठे करावा? बजेट ८ हजार

पारडीचा_मामा: बहिणीचं बाळ धंतोलीत काचेच्या पेटीत आहे. टाळूवरून सोनोग्राफी केली. मेंदूचे दोन भाग वेगळे झालेले दिसत नाहीत, मधे एकच मोठी पोकळी आहे म्हणाले. होलोप्रोसेनसेफली (मेंदूचे दोन भाग वेगळेच न होणं) आहे की नुसतं पाणी साठलंय, हे एमआरआयनेच नक्की होईल. ८ हजारांच्या वर झेपत नाही.

महालकर: रामदासपेठेत ३ टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशीन पाहा. माझ्या मणक्याचा तिथंच काढला, एक नंबर आला. पैशाकडे पाहू नका.

वर्धेची_ताई: आमच्या पोरीला भूल द्यायची म्हणून चार तास उपाशी ठेवलं आणि मग मशीन बंद आहे म्हणून परत पाठवलं. आधी फोन करूनच जा.

मनीषनगरवाला: सीटी करून टाका न भाऊ, पाच मिनिटांत होते. पुतण्याचं तेच केलं.

वॉर्डातली_सिस्टर: सीटी काऊन? त्यात किरणं लागतात. पुतण्याला मार लागला असेल, ते वेगळं. आणि एवढ्या लहान बाळाला दरवेळी भूल लागत नाही. पोटभर पाजून, गुंडाळून, कान झाकून ठेवलं की बहुतेक बाळं झोपतात. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या आतले दोन गोळे, एकमेकांना जुळलेले आहेत का? तसं असेल तर होलोप्रोसेनसेफलीकडे बोट जातं. मेंदूच्या दोन भागांमधला पडदा आहे का? पडदा आहे आणि कडेनं मेंदूचा पातळ थर शिल्लक आहे, तर पाण्याचा दाब असू शकतो, मग शंटचा (साठलेलं पाणी काढून देणारी नळी) विचार होतो. रक्तातलं सोडियम पण तपासा, होलोप्रोसेनसेफलीत पिट्युटरीचं (शरीरातलं पाणी-मीठ सांभाळायला मदत करणारी मेंदूखालची ग्रंथी) काम बिघडू शकतं.

महालकर: १.५ टेस्लावर काहीच दिसत नाही. ३ टेस्लाच.

वॉर्डातली_सिस्टर: दिसतं. लहान मुलांचे स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट शोधा. फिल्मसोबत सीडी मागून घ्या.

मनीषनगरवाला: बहीण ग्रहणात बाहेर निघाली होती का?

वर्धेची_ताई: तिला असं काही बोलू नका! मला सात वर्षं हेच ऐकवलं.

वॉर्डातली_सिस्टर: ग्रहणाचा काही संबंध नाही. कधी १३वं गुणसूत्र एक जास्तीचं असतं. कॅरियोटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, रक्त द्या. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी तोच रिपोर्ट कामी येतो.

पारडीचा_मामा: सोडियम आजच पाठवलं. रामदासपेठ नको, सीटी नको. मेडिकलला (सरकारी दवाखान्यात) एमआरआयचा नंबर लावला, मंगळवारची तारीख आहे. उशीर होतो हे कळतं, पण पुढचा खर्च पण आम्हालाच पाहायचा आहे. सिस्टर, दुपट्याला टिचबटणं आहेत, चालतील का?

वॉर्डातली_सिस्टर: नाही जी. धातूचं काहीच नको, झबल्यालाही नको. साधं सुती दुपटं न्या, दोन न्या. एक ओलं होतेच.