आईची माया मुलापर्यंत पोहोचते का?

प्रश्न: आई स्वतःला प्रेमळ समजते, पण मुलाला तसे वाटतेच असे नाही. मग निरनिराळ्या संस्कृतींतील पालकांची माया मोजताना कोणाचे म्हणणे प्रमाण मानावे?

उत्तर १: अमेरिकी संशोधक रोनाल्ड रोनर यांच्या प्रश्नावलीत आई आणि मूल यांच्यासाठी स्वतंत्र आवृत्त्या असून जिव्हाळा, आक्रमकता, दुर्लक्ष आणि झिडकारणे यांविषयीचे प्रत्येक विधान कितपत खरे आहे, हे सांगण्यासाठी चारपैकी एक पर्याय निवडायचा असतो. त्यांच्या मते माया दाखवण्याच्या रीती समाजागणिक बदलतात; मात्र आपण नकोसे आहोत, असे वाटणाऱ्या मुलांमध्ये चिडखोरपणा आणि स्वतःविषयीची हीन भावना सर्वत्र बळावते. म्हणून मी मुलाच्या जाणिवेला अधिक वजन देईन.

उत्तर २: हे पटते, तरी आईचे उत्तर बाजूला सारू नये. कोणी मिठी मारते, तर कोणी एक शब्दही न बोलता तापलेल्या कपाळावर रात्रभर पट्ट्या ठेवते. आई आपला हेतू सांगते आणि मूल आपला अनुभव. त्यामुळे या दोहोंमधील तफावतच बारकाईने अभ्यासली पाहिजे.

प्रश्नकर्ता: या तफावतीत मुलाच्या वयाचाही वाटा असतो का?

उत्तर १: असतो. किशोरवयात काळजीही अनेकदा नियंत्रणासारखी भासते, त्यामुळे एकाच वयोगटातील मुलांची तुलना करावी.