कुत्रा पिसे बांधलेली डमी आणून देत नाही, वाटेतच बसून चावतो : मदत हवी आहे

नमस्कार.

मी सोलापूरजवळ, बार्शी रस्त्यालगतच्या शेतावर राहतो. माझ्याकडे चौदा महिन्यांचा लॅब्रॅडॉर जातीचा नर आहे. पाणी दिसले की तो सूर मारतो, म्हणून घरातल्या मुलांनी त्याचे नाव खंड्या ठेवले. पक्षी अलगद उचलून हातात आणून देण्याचे काम त्याला रीतसर शिकवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र गेले दोन महिने मी एकाच टप्प्यावर अडकून पडलो आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच स्पष्ट करतो की मला शिकार करायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, पाठलाग करणे, हाकणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. शिवाय नान्नजचे माळढोक अभयारण्य याच रस्त्यावर असल्याने माळावर मी त्याला कधीही मोकळे सोडत नाही. परंतु या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात काम करत, पुढे ब्रिटनमध्ये पडलेले पक्षी शोधून आणण्यासाठीच ही जात घडवली गेली, आणि ज्या कामासाठी तो जन्मला ते काम डमीवर, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या गुंडाळीवर का होईना, त्याला मिळावे, असे मला वाटते.

सुरुवात चांगली झाली होती. तो तीन महिन्यांचा असताना जुना सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून, सुतळीने बांधून मी त्याची पहिली डमी केली आणि घराच्या बोळात, सगळी दारे लावून, ती जेमतेम आठ-दहा फुटांवर टाकू लागलो. दात बदलण्याच्या काळात, म्हणजे चौथ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत, हिरड्या दुखून त्याला डमीचा तिटकारा येऊ नये म्हणून काम बंद ठेवले. त्यानंतर अर्धा किलोची कॅनव्हासची डमी दिली. आज तो डमी पडेपर्यंत जागेवर बसून राहतो, ‘आण’ म्हटल्यावरच निघतो, चाळीस-पन्नास पावलांवरून, अगदी उभ्या ज्वारीतूनही, ती शोधून आणतो आणि समोर बसून ‘सोड’ म्हटले की हातात देतो.

पिसे आली आणि हे सारे बिघडले. दोन महिन्यांपूर्वी कोंबडीच्या दुकानातून दोन पंख आणून मी ते डमीला बांधले. खंड्याने ती उचलली, निम्म्या वाटेवर आला आणि तिथेच आडवा होऊन, डमी पुढच्या पायांखाली दाबून पिसे उपटू लागला. मी ओरडत त्याच्याकडे धावलो. ती माझी चूक होती हे आता कळते, कारण तेव्हापासून तो माझ्यापासून पंधरा पावलांवर थांबतो आणि डमी तोंडात धरून गोल गोल फिरत राहतो. नंतर डमी हातात घेऊन पाहिली, तर पिसांचे देठ मोडलेले होते आणि कॅनव्हासच्या एकाच बाजूला दाढांची आरपार भोके होती. साध्या डमीवर त्याच्या दातांची खूणही उमटत नाही.

शहरातल्या एका प्रशिक्षकांकडे नेले असता त्यांनी त्याचा कान पिरगळून डमी सोडवून घेतली. त्यानंतर चार दिवस खंड्या टॉवेलच्या डमीलासुद्धा तोंड लावेना. मी तिकडे पुन्हा गेलो नाही.

मागच्या आठवड्यात तर आमची एक गावरान कोंबडी सांजेला बाहेरच राहिली. ती ज्वारीत कशी सापडली कोण जाणे, पण खंड्या ती तोंडात धरून स्वतःहून पडवीत घेऊन आला. रक्त नव्हते, जखम नव्हती, फक्त पाठीवरची पिसे लाळेने ओली झाली होती. डालग्याखाली ठेवली, पाणी ठेवले. सकाळी ती मेलेली होती. तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. त्याची पकड कायमचीच कडक झाली आहे का? पिसांच्या डमीवर त्याला पुन्हा कसे आणावे? गावातले एक जण सांगतात की पाय बांधलेल्या जिवंत कोंबडीवर सराव द्यावा. ते मला पटत नाही, पण अनुभवी माणसांचे मत हवे आहे. आणि पाण्यातला सराव आमच्या शेततळ्यात सुरू केला तर चालेल का?

प्रतिसाद

नमस्कार. माझ्याकडे बरीच वर्षे लॅब्रॅडॉर आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी शेततळ्याविषयी, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल तर कुत्र्याला त्यात उतरू देऊ नका. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, चांगला पोहणारा कुत्राही काठावर धडपडून दमतो आणि बुडतो. उतार मातीचा असेल अशाच ठिकाणी जा, आणि हिवाळ्यात उजनी किंवा हिप्परग्याच्या काठी पाहुणे पक्षी उतरलेले असताना तिकडे सराव नको.

जिवंत कोंबडीचा विचार पूर्णपणे सोडून द्या. १९६० च्या कायद्याने प्राण्यांना अशी क्रूर वागणूक देता येत नाही, आणि शिकवण्याच्या दृष्टीनेही ते उलटे पडते, कारण फडफडणारा पक्षी सुटू नये म्हणून कुत्रा आणखी घट्ट धरतो.

पकड कडक आहे की नाही, हे पिसांवरून ठरत नाही. पंखांखाली बोटे घालून बरगड्या चाचपायच्या असतात. दोन्ही बाजूंच्या बरगड्या चेपलेल्या असतील तरच काळजी करावी. आपली कोंबडी बहुधा भीतीनेच गेली असावी. खंड्या डमी चावतो त्याचे मुख्य कारण मला असे दिसते की आपण धावून गेलात, आणि ही वस्तू आपल्याकडून हिसकावली जाणार आहे हे त्याने लक्षात ठेवले.

त्यामुळे दोन आठवडे पिसे बंद ठेवा आणि साध्या डमीवर फक्त परत येणे पक्के करा. जागा अशी निवडा की एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण आणि आपण त्याच्या नेहमीच्या झोपण्याच्या जागेपाशी असाल. दहा मीटरचा हलका दोर लावा, पण ओढू नका. त्याने डमी उचलताच आपण पाठ फिरवून चालू लागा. तो आपोआप मागे येईल. जवळ आला की डमीला हातच लावू नका. छातीवरून हात फिरवा, हनुवटीखाली तळवा धरा, चार-पाच श्वास त्याला ती तोंडात मिरवू द्या, आणि मग ‘सोड’ म्हणा. एका वेळी दोन किंवा तीनच फेका, कारण कंटाळलेला कुत्राच चावायला लागतो.

पुढे पंख जुन्या पायमोज्यात घालून तो डमीवर चढवा, म्हणजे वास येईल पण पिसे तोंडाला लागणार नाहीत. ते जमले की टोक थोडे उघडे ठेवा. पंख फ्रीजमध्ये गार केलेले, कोरडे आणि रक्त न लागलेले असावेत.

एक आणखी पाहा. या दिवसांत बांधावर सराटे फार असतात. निम्म्या वाटेवर बसण्यामागे पंजातला सराटाही असू शकतो. दरवेळी बोटांच्या बेचक्या तपासा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. शेततळ्याला प्लास्टिकच आहे, त्यामुळे आपला प्रतिसाद वाचला त्याच दिवशी त्याभोवतीच्या जाळीचे दार तारेने बांधून टाकले. कोंबडी पुरताना बरगड्या पाहण्याचे सुचले नव्हते.

आपण सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे थांबून काल पंख पायमोज्यात घालून टाकले. पहिल्या वेळी तो मध्येच थबकला, मी पाठ फिरवून गोठ्याकडे चालू लागलो, आणि थोड्या वेळाने माझ्या पोटरीला डमी टेकली. त्याने ती माझ्या तळव्यावर सोडली. मोजा लाळेने भिजला होता, पण कुठे भोक नव्हते. दुसऱ्या वेळी मात्र त्याने दोनदा जबडा हलवला, म्हणून मी तिथेच थांबलो. असे झाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज्यापासूनच सुरुवात करावी, की मध्ये एक दिवस साध्या डमीचा घ्यावा?