खंड्याचे छायाचित्र घेताना तो बुजू नये म्हणून काय करावे?

प्रश्न: मी पाणवठ्याकाठी कितीही हळू चाललो, तरी कॅमेरा डोळ्यापर्यंत नेताच खंड्या उडून जातो. माझ्याकडे ४०० मिमीची लेन्स आहे. अधिक लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी, की पद्धत बदलावी?

प्रतिसाद १: लेन्स पुरेशी आहे. खंड्या ठरावीक फांद्यांवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. त्यामुळे त्याच्या मागे जाण्याऐवजी आधी कॅमेरा न काढता दुरून निरीक्षण करावे, विष्ठेचे पांढरे डाग पडलेली त्याची फांदी हेरावी आणि तो नसताना, सूर्य पाठीशी राहील अशा जागी, आडोशाला जाऊन बसावे. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून त्या फांदीवर आधीच रोखून ठेवावा, कारण स्थिर बसलेल्या माणसापेक्षा त्याच्या अचानक हालचालीने पक्षी अधिक बिचकतो. पहिल्या भेटीत तर एकही छायाचित्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २: सहमत. वाराही पाहावा. पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणून वारा आपल्या पाठीवर असल्यास झेप समोरून टिपता येते. शटरचा वेग १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा.

प्रतिसाद ३: एक कळकळीची विनंती. खंड्या काठाच्या मातीत बीळ करून अंडी घालतो. मासा न गिळता, त्याचे डोके चोचीबाहेर पुढच्या बाजूला ठेवून तो घुटमळत असेल, तर तो घास बहुधा जोडीदारासाठी किंवा पिल्लांसाठी असतो आणि आपण त्याच्या वाटेत बसलेले असू शकतो. अशा वेळी छायाचित्र सोडून लगेच मागे हटावे.