पवनचक्कीवाल्या मुलाचे कौतुक झाले असेल, तर आता हप्त्याचे आणि दुरुस्तीचे बोलू

कंदील

गेल्या आठवड्यात येथेच 'सातपुडा' यांनी लिहिले होते, की आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या विल्यम कामक्वाम्बाने शाळकरी वयात भंगारातून पवनचक्की उभारली आणि आपली मुले मात्र मोबाइलमध्ये मान घालून बसली आहेत. त्या लेखाखाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागली. मला मात्र राग आला, आणि तो चार ओळींत मावत नसल्याने हा वेगळा धागा काढतो आहे.

कामक्वाम्बाचे कर्तृत्व खरेच आहे. २००१-०२ च्या दुष्काळात मलावीत उपासमार झाली, फी भरता न आल्याने त्याची शाळा सुटली, आणि गावच्या छोट्या ग्रंथालयातल्या पुस्तकात पवनचक्कीचे चित्र पाहून त्याने निलगिरीच्या वाशांचा मनोरा, सायकलची चौकट, ट्रॅक्टरचा पंखा आणि डायनॅमो जोडून घरात दिवे लावले. परंतु या गोष्टीत आपल्याला नेमके आवडते काय? त्याची गरिबी आवडते. ज्या मुलाला फी मिळायला हवी होती त्याला भंगार मिळाले, यावर आपण टाळ्या वाजवतो. त्याला शिकायचे होते, आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयाची पदवी घेऊन त्याने ते केले; हा भाग त्या लेखात नव्हता.

सहाराच्या दक्षिणेकडे सुमारे ६० कोटी माणसांच्या घरी वीज नाही. तेथे दिवे लागले आहेत ते पुष्कळदा हप्त्यावर. केनियात २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा सुरू झाली (त्यातला 'पेसा' आपल्या 'पैसा'शीच नाते सांगतो), आणि त्याच वाटेवर एम-कोपासारख्या कंपन्यांनी छोटे सौर पॅनेल, दोन-तीन दिवे आणि मोबाइल चार्जर असा संच आरंभी थोडी रक्कम घेऊन व पुढे रोज ४०-५० शिलिंग भरून घेऊन घरोघर दिला. यात छायाचित्राजोगे काही नाही, म्हणून कोणी लिहीत नाही.

सातपुडा

माझ्या लेखाचा एवढा समाचार घेतलात, त्याबद्दल आभार. मी आश्रमशाळेत एकवीस वर्षे विज्ञान शिकवतो. कामक्वाम्बाची गोष्ट सांगितल्यानंतर आमच्या आठवीतल्या एका मुलाने तुटक्या खेळण्यातली मोटर उलटी फिरवून एलईडी पेटवला, आणि जो मुलगा वर्षभर वर्गात एक शब्द बोलला नव्हता तो त्या दिवशी सर्वांना समजावून सांगत होता. त्याला मी हप्त्याची गोष्ट सांगायला हवी होती काय?

दुसरे असे, की आपण ज्या एम-कोपाचे गोडवे गाता तिचे संस्थापक केनियाचे नव्हेत. त्यातले जेसी मूर कॅनडाचे आणि निक ह्यूज ब्रिटनचे. गोष्टीतला मुलगा निदान आफ्रिकेतला होता.

कंदील

मान्य. संस्थापकांचा उल्लेख मी करायला हवा होता. आफ्रिकेतल्या धंद्याला भांडवल मिळवताना पारपत्राचा रंग उपयोगी पडतो, हे माझ्याच मुद्द्याला बळकटी देणारे आहे. पण ते तुमच्याकडून यावे, हे जरा झोंबले.

कृष्णाकाठ

हप्ता चुकला की त्या दिव्याचे काय होते, हे कोणी सांगितले नाही. संचात सिमकार्ड असते आणि कंपनी बसल्या जागेवरून दिवा बंद करते. आमच्या भागात याला सावकारी म्हणतात. सावकार निदान दारात यायचा, त्याच्याशी भांडता तरी यायचे.

नैरोबीकर

कंपनीच्या नावातच ते लिहिलेले आहे, कृष्णाकाठ. स्वाहिलीत 'कोपा' म्हणजे उसने घेणे. मी अकरा वर्षे येथे राहतो. सांगलीत बसून सावकारी म्हणणे सोपे आहे. रॉकेलचा दिवा लावणारे घर रोज पैसे मोजतच होते, धूरही गिळत होते, आणि वर्षाच्या शेवटी त्याच्या हाती केवळ काजळी उरत होती. येथे वर्षाच्या सुमारास संच स्वतःच्या मालकीचा होतो. हप्ता चुकला तर दिवा बंद पडतो, गाय ओढून नेत नाहीत.

कृष्णाकाठ

सांगलीत बसून मला जे कळते ते आपल्याला नैरोबीच्या बंगल्यातून दिसत नसावे. माझ्या शेतावर सौर पंप आहे. त्याचा कंट्रोलर पावसाळ्यात जळाला, आणि बसवणाऱ्या कंपनीने (नाव लिहीत नाही) पाच महिने माणूस पाठवला नाही. ऊस डोळ्यांदेखत वाळला. उपकरण विकणारा कोणीही असो, मराठी असो की केनियाचा, त्याची सत्ता एकदा तुमच्या घरात आली की तुम्ही त्याचे कूळ होता.

निवृत्त उपअभियंता

आपण सर्व जण दिव्यांवर भांडत आहात आणि तारांविषयी कोणी बोलत नाही. केनियात तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा ३१० मेगावॅटचा प्रकल्प २०१७ मध्ये उभा राहिला. परंतु वीज वाहून नेणारी वाहिनी तयार नसल्याने त्या चक्क्या सप्टेंबर २०१८ पर्यंत शोभेला उभ्या होत्या, आणि या विलंबाचा भुर्दंड केनियाच्या सरकारला पडला. पुढे २०२१ मध्ये न्यायालयाने त्या जमिनीचे पट्टेच बेकायदा ठरवले. भूसंपादनाचे कागद आणि वेळेवर ओढलेली तार, यांची गोष्ट कोणत्या शाळेत सांगतात, सातपुडा सर? मी छत्तीस वर्षे तेच काम केले. मला कोणी व्यासपीठावर बोलावले नाही.

सुगरण

सर्व पुरुषमंडळी दिव्याशी अडून बसली आहेत. चुलीचा धूर कोण गिळते, हे विचारायला बाईच यावी लागते. नैरोबीच्या मुकुरू झोपडपट्टीत वाढलेल्या शार्लट मगायी कोळसा विकत असत. २०१२ मध्ये त्यांची लहान मुलगी कोळशाच्या शेगडीने गंभीर भाजली, तेव्हा कमी धुराची, अधिक सुरक्षित शेगडी करायचे त्यांनी मनावर घेतले. २०१७ मध्ये त्यांनी मुकुरू क्लीन स्टोव्ह्ज सुरू केले आणि २०२२ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचे अर्थशॉट पारितोषिक मिळाले. संस्थापक आफ्रिकेतलीच आहे, सातपुडा सर. आता हरकत नसावी.

माझ्या आजीला सरकारी योजनेतून निर्धूर चूल मिळाली होती. तिच्यावर मोठे पातेले बसेना आणि भाकरी फुगेना, म्हणून चार महिन्यांत तिच्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या. याउलट केनियात मातीच्या अस्तराची पत्र्याची शेगडी, म्हणजे तेथली 'जिको', १९८० च्या दशकात पसरली ती 'जुआ काली' कारागिरांच्या हातून. 'जुआ काली' म्हणजे कडक ऊन. उघड्यावर पत्रा ठोकणाऱ्यांना तेच नाव पडले. गिऱ्हाईक समोर उभे राहून पातेले बसते की नाही ते पाहत असे, आणि बसले नाही तर तिथल्या तिथे सुनावत असे.

सातपुडा

शेगडीचा मुद्दा मला पटला. मात्र आता कोणाला गोष्टच नको आणि प्रत्येकाला स्वतःचीच गोष्ट हवी, असे झाले आहे. युगांडाच्या हवामान-कार्यकर्त्या व्हनेसा नकाते शाळांमध्ये सौर पॅनेल आणि सुधारित शेगड्या बसवण्याचे काम करतात. जानेवारी २०२० मध्ये दाव्होसला चार गोऱ्या मुलींसोबत काढलेल्या छायाचित्रातून एका वृत्तसंस्थेने एकट्या त्यांनाच कापून टाकले होते. गोष्टी सांगणे थांबवले, तर कोणाला कापले जाते हेही कळणार नाही.

कंदील

गोष्ट थांबवा असे मी म्हटलेच नाही, अर्धी सांगू नका म्हटले. पण हे उदाहरण माझ्याविरुद्ध नीट लागू पडते, हे कबूल करतो.

नैरोबीकर

कृष्णाकाठ, मी बंगल्यात राहत नाही, दोन खोल्यांत राहतो. तेवढी दुरुस्ती करून घ्यावी. तरीही तुमचे एक म्हणणे मी रात्रभर मनात घोळवले. आमच्या कार्यालयात स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या गावी असाच हप्त्याचा दिवा होता (कंपनी वेगळी, लहानशी, नाव लिहीत नाही). हप्ते पूर्ण फिटले आणि दोन महिन्यांनी बॅटरी गेली. कंपनी सुटा भाग विकत नव्हती, नवा संच नव्या हप्त्यावर घ्या म्हणाली. शेवटी बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराने सीलबंद डबा फोडला, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल बसवले, आणि दिवा लागला. त्याच्या टपरीवर असे तीस-चाळीस डबे रचलेले मी स्वतः पाहिले. हप्ता मला अजूनही सावकारी वाटत नाही. डबा सीलबंद ठेवणे मात्र वाटते.

निवृत्त उपअभियंता

लॅपटॉपचे सेल असे जोडणे धोकादायक आहे. संरक्षक सर्किट नसेल तर आग लागते.

नैरोबीकर

त्याने सर्किट बसवले होते, साहेब. मी विचारले होते.

कृष्णाकाठ

दोन खोल्यांबद्दल दिलगीर आहे. आमचा कंट्रोलरही सीलबंदच आहे, आणि उघडला तर हमी जाते, असे त्यावर इंग्रजीत लिहिले आहे. तुमचा तो टपरीवाला पोरगा सांगलीला येणार असेल तर कळवावे. विमानाचे भाडे मी देतो, गेलेल्या उसापेक्षा ते स्वस्त पडेल.