मधुमेह नाही, मग डॉक्टर हृदयाबद्दल का बोलत आहेत?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर):
माझे वय ४६ असून गुळाच्या अडतीवर दिवसभर बसून काम असते. विम्यासाठी केलेल्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २३५, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३४ आणि रक्तदाब १३८/८८ असे आकडे आले. ‘मधुमेह नाही, बॉर्डरवर आहात’ असे सांगून डॉक्टर लगेच हृदयाकडे वळले. मधुमेहच नसेल, तर हृदयाचा संबंध कोठून आला? शिवाय घरी साखर बंद करून चहात गूळ घालतो आहोत, तेवढ्याने भागेल का?

उत्तर १ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, ताराबाई पार्क):
उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असल्यास ती मधुमेहपूर्व अवस्था मानतात, आणि १२६ किंवा ६.५ पासून मधुमेह. ही रेघ ओढताना डोळ्यांच्या पडद्यावरचे दुष्परिणाम कोणत्या पातळीपासून वाढतात, हे प्रामुख्याने पाहिले गेले. हृदयाच्या रक्तवाहिन्या त्या रेघेपर्यंत थांबत नाहीत. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले की यकृत अधिक ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते, एचडीएल घटते आणि रक्तदाबही चढू लागतो. तुमच्या कागदावर नेमके हेच दिसते आहे, म्हणून डॉक्टरांचे बोलणे विषयांतर नव्हते.

खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून घेर मोजा. आपल्याकडील पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आत हवा. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि वजनात सात टक्के घट, एवढे उद्दिष्ट ठेवलेल्या २००२ च्या अमेरिकी अभ्यासात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. भारतात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तशाच अभ्यासात जीवनशैलीतील बदलाचा लाभ सुमारे २८ टक्केच दिसला. तरीही तो गोळीपेक्षा कमी नव्हता.

गुळाबाबत अडत्याला सांगणे धाडसाचे आहे, पण गुळातही बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच असते. ‘सेंद्रिय’ पाटी लावल्याने त्यात फरक पडत नाही.

उत्तर २ (गृहिणी, राजारामपुरी):
आमच्या घरी यजमानांनी साखर सोडली. मात्र रविवारची मिसळ, तिच्याबरोबरचे चार पाव आणि रात्री गंगावेशीत कट्ट्यावर बसून घेतलेला धारोष्ण दुधाचा मोठा पेला तसाच चालू राहिला, आणि सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड जागच्या जागी होते. आता पाव दोनावर आले आहेत आणि पेला लहान झाला आहे. माझाही एचबीए१सी ६ आला होता, पण हिमोग्लोबिन ९ होते. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढू शकतो असे डॉक्टरांनी सांगितले, आणि उपचारानंतर तो ५.५ झाला. म्हणून हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे.

प्रश्नकर्ता:
आपले दोघांचेही आभार. शेजारच्या शिंप्याकडून टेप आणून घेर मोजला, तो ९८ भरला. हिमोग्लोबिन १४.२ असल्याने तीही पळवाट उरली नाही. रात्री जेवून रंकाळ्यावर चालावे की पहाटे?

उत्तर १:
जे रोज जमेल ते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्यास त्या जेवणाने वाढणारी साखर आटोक्यात राहते, एवढा रात्रीचा फायदा आहे; मात्र परतीची वाट गंगावेशीतून नको. तंबाखू असल्यास ती आधी सोडा, आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉलसाठी गोळी हवी का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.