लेस म्हणजे काठ की कापड?

धागेदोरे: हातविणीच्या जुन्या वस्तूंच्या इंग्रजी वर्णनांचा अनुवाद करतेय. एका गोल टेबलक्लॉथला मुळात 'लेस' म्हटलंय. मी 'क्रोशाची लेस' लिहिलं, तर आत्या म्हणाली, "अगं, लेस काठाला लावतात. अख्खा टेबलक्लॉथ लेस कसा होईल?" मग काय लिहू?

बोरूबहाद्दर: जालवस्त्र. अर्थवाही आहे.

काजबटण: वाचणाऱ्याला मच्छरदाणी आठवेल, काका. जाळीकाम चालेल.

बोरूबहाद्दर: रूढ नाही म्हणून शब्दच घडवायचे नाहीत का? आणि आत्याबाईंचं बरोबर आहे. लेसचं मूळ लॅटिन 'लाक्वेउस', म्हणजे फास. बुटाची नाडी हा अर्थ आधीचा, नक्षीदार जाळीचा 16व्या शतकातला.

उलटसुलट: नाव नंतर ठेवा, आधी भिंगातून बघा. फासातून फास ओढलेला दिसला तर क्रोशा. नुसते काजाचे टाके असतील तर सुईची लेस. दोरे वेणीसारखे गुंफलेले, मध्येच साध्या कापडासारखे विणलेले असतील तर बॉबिनची, म्हणजे दोरे गुंडाळलेल्या छोट्या रिळांनी विणलेली. टॅटिंगमध्ये, म्हणजे गाठींच्या लेसमध्ये, आतल्या दोऱ्यावर दुहेरी गाठी ओवलेल्या असतात. क्रोशा शेवटच्या टोकाकडून भराभर उसवतो, टॅटिंग एकेक गाठ सोडवत बसावं लागतं.

काजबटण: यातलं काहीच दिसलं नाही तर?

उलटसुलट: तर बहुधा यंत्राची. 1880च्या दशकापासून एका कापडावर यंत्राने भरतकाम करून खालचं कापड विरघळवतात. आयरिश क्रोशाची इतकी हुबेहूब नक्कल की पुष्कळजण फसतात. भिंगाखाली मात्र कडा लवदार दिसतात आणि फासांची साखळी कुठेच सापडत नाही. खरा आयरिश क्रोशा 1840च्या दशकातल्या दुष्काळात पोट भरायला विणला गेला. तिथल्या बायकांनी व्हेनिसच्या सुईच्या लेसची नक्कल आकडीने केली. म्हणजे यंत्राची ती नकलेची नक्कल! खऱ्या आयरिश क्रोशात गुलाबाच्या पाकळ्या एकीवर एक उठून आलेल्या असतात, बोटाला कळतात.

शंकासुर: मुळात क्रोशा की क्रोशे? फ्रेंचमध्ये शेवटचा 'ट' मुका. अर्थ छोटा हुक. म्हणजे 'क्रोशाचा हुक' हा हुकाचा हुक झाला.

काजबटण: पिवळं पीतांबर चालतं ना? मग हेही चालेल.

बोरूबहाद्दर: क्रोशा आकारान्त धरलात तर घोड्याचं तसं क्रोश्याचं लिहा.

शंकासुर: मग सोड्याचं तसं सोफ्याचं म्हणता, पण पिझ्झ्याचं लिहिताना हात अडखळतो की नाही?

धागेदोरे: मंडळी, टेबलक्लॉथ! वर्णनात पुढे 'डबल क्रोशे' नावाचा टाकाही आहे. दुहेरी खांब लिहू?

उलटसुलट: थांबा! मजकूर ब्रिटिश की अमेरिकन? ब्रिटिशांचा डबल म्हणजे अमेरिकनांचा सिंगल. आपला मुका खांब.

काजबटण: मुका खांब? आमची मावशी सरकत्या टाक्यालाच, म्हणजे स्लिप स्टिचला, मुका म्हणते.

उलटसुलट: मावशींना म्हणावं, सरकत्या टाक्याला उंचीच नसते. त्याला खांब कोण म्हणेल?

काजबटण: ती खांब म्हणतच नाही. नुसतं मुका म्हणते.